पिकअपची टक्कर टाळणारी यंत्रणा सारखी बंद पडते? रडार बदलण्याआधी हे तपासा

आधी लक्षणं. यातलं एक जरी ओळखीचं वाटलं तरी पुढचं वाचा.

डॅशबोर्डवर ‘पुढची टक्कर यंत्रणा तात्पुरती उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो, थोड्या वेळाने आपला आपण जातो, आणि दोन दिवसांनी पुन्हा हजर. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप वेग सांभाळणारी सोय) चालता चालता मध्येच सुटतं. रस्ता मोकळा असताना गाडी किंचाळते, लाल पट्टी चमकते, क्वचित स्वतःहून ब्रेकही मारते. हे बहुतेक वेळा उड्डाणपुलाखाली किंवा रस्त्यावर आडव्या टांगलेल्या मोठ्या पाटीच्या अलीकडे होतं. किंवा बरोबर उलटं, म्हणजे पुढचा माणूस थांबत आलाय तरी इशारा नाही, आलाच तर तुमचा पाय ब्रेकवर गेल्यावर. लेनच्या रेघा स्वच्छ दिसत असूनही गाडीला सापडत नाहीत. आणि खास पिकअपचं दुखणं म्हणजे मागे ट्रेलर नसतानाही ‘ट्रेलर जोडला आहे’ असं दाखवून ब्लाइंड स्पॉटचे, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या गाडीचा इशारा देणारे दिवे झोपी जातात.

अमेरिकेत एका कंपनीचे कामाचे पिकअप सांभाळणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की ड्रायव्हरने दार उघडायच्या आधी मी विचारतो, ‘भरलेला होता की रिकामा?’ कारण सेन्सर खराब निघण्याचे प्रसंग फार थोडे. साधी कार जन्मभर जवळजवळ एकाच उंचीवर, एकाच तोऱ्यात उभी असते. पिकअपच्या हौद्यात आज माती, उद्या फरश्या, परवा मागे ट्रेलर. त्यात कुणी पुढून उचलतो, कुणी मोठे टायर घालतो, कुणी बंपर बदलतो. कारखान्यात सेन्सरला जी गाडी ओळखीची करून दिली होती ती गाडीच राहत नाही. मग रडार बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तपासण्या स्वस्तापासून महागाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका.

पहिली तपासणी: कागद आणि पेन

संदेश आला की लिहून ठेवा: पाऊस की ऊन, सूर्य समोर होता का, हौद्यात किती माल, ट्रेलर होता का, गाडी नुकतीच सुरू केली होती की तासभर चालली होती. आठवडाभरात नमुना दिसू लागतो. फक्त पावसाबर्फात येत असेल तर साफसफाईकडे जा. फक्त माल भरल्यावर येत असेल तर सरळ उंचीच्या भागाकडे उडी मारा. थंड सकाळी पहिल्या पाच मिनिटांत येत असेल तर बॅटरी. हा कागद पुढे मेकॅनिकच्याही कामाला येतो, कारण त्याच्या अंगणात गाडी हमखास शहाण्यासारखी वागते.

त्याच बसल्या बैठकीला मॅन्युअल उघडून बघा की तुमच्या ट्रकमध्ये नक्की काय बसवलं आहे. हसू नका. अमेरिकेत २० वाहन कंपन्यांनी २०१६ मध्ये स्वतःहून कबूल केलं की आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक त्या जवळपास सगळ्या हलक्या गाड्यांमध्ये मूळ किमतीतच देतील. पण मुदत वजनाप्रमाणे होती. मालासकट कमाल वजन ८,५०० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना सप्टेंबर २०२२, आणि ८,५०१ ते १०,००० पौंडांच्या गाड्यांना त्यापुढे आणखी तीन वर्षं. मोठे पिकअप नेमके या दुसऱ्या गटात किंवा त्याच्याही वर मोडतात. म्हणून जुन्या, जड मॉडेलमध्ये नुसता इशारा असतो आणि ब्रेक नसतो, किंवा दोन्ही नसतात. नसलेली वस्तू दुरुस्त करायला आलेले दोघे-तिघे मी पाहिले आहेत.

आणखी एक फरक: काही ट्रकमध्ये पुढे कॅमेरा आणि रडार दोन्ही असतात, काहींत सगळा भार एकट्या कॅमेऱ्यावर. कॅमेरा पुढच्या काचेच्या आत, आरशाच्या पाठीशी. रडार ग्रिलच्या चिन्हामागे किंवा बंपरच्या खालच्या भागात. ते ७६-७७ गिगाहर्ट्झवर चालतं. ब्लाइंड स्पॉटची छोटी रडारं मागच्या दोन कोपऱ्यांत असतात, काही ट्रकमध्ये तर चक्क मागच्या दिव्याच्या पोटात. कुठला डोळा कुठे आहे हे माहीत नसेल तर पुढची निम्मी मेहनत फुकट.

दुसरी: बटणं

ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं जागीच घसरू न देणारी सोय) बंद केलं असेल, फोर-व्हील लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) लावलं असेल किंवा ऑफ-रोड मोड चालू असेल तर बऱ्याच गाड्या ऑटो ब्रेक आणि त्याची भावंडं गुपचूप बाजूला ठेवतात. चिखलातून बाहेर काढताना कुणीतरी बटण दाबलेलं असतं आणि विसरलेलं असतं. इशाऱ्याची संवेदनशीलताही मेनूत कमी-जास्त होते. एकाच गाडीवर तीन ड्रायव्हर असतील तर ती कुणी ‘उशिरा’वर नेली आहे का बघा. काम दोन मिनिटांचं, खर्च शून्य.

तिसरी: पुसणं, पण नीट

‘मी गाडी धुऊन आलोय’ हे वाक्य मी पुरावा मानत नाही. रडारवरचं प्लास्टिकचं झाकण हाताने चाचपा. वाळलेल्या धुळीचं रडारला फारसं काही वाटत नाही. ओला चिखल आणि ओला बर्फ मात्र त्याचा घात करतात, कारण इतक्या उंच वारंवारितेच्या लहरी पाणी मोठ्या प्रमाणात शोषतं आणि परतवतं. म्हणूनच चालता चालता संदेश येतो, बर्फ वितळून गळून पडला की जातो, आणि तुम्ही पोचेपर्यंत पुरावा नाहीसा झालेला असतो.

कॅमेऱ्याची काच बाहेरून पुसतात सगळे. आतून कुणी पुसत नाही. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारी वाफ काचेच्या आतल्या बाजूला तेलकट पापुद्र्यासारखी बसते. माणसाला ती जाणवत नाही, पण सूर्य समोर आला की कॅमेऱ्याला सगळं पांढरं दिसतं. स्वच्छ कोरडं कापड घ्या, फवारा थेट काचेवर न मारता कापडावर मारा, आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला हात लावू नका. कॅमेऱ्याचं घर काढल्याशिवाय तेवढा तुकडा पुसता येत नसेल तर तो राहू द्या, ते दुकानात होईल. वायपरचं रबर कडक झालं असेल तर बदला: ज्या पट्ट्यातून कॅमेरा बघतो तिथेच रेघोट्या ओढणारा वायपर ही या यादीतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. बर्फ खरवडायला धातूचं काही वापरू नका आणि गरम पाणी ओतू नका, काच तडकते.

चौथी: नंतर काय काय बसवलं?

इथे थोडा कडवटपणा येणार, माफ करा. पुढे लोखंडी गार्ड, विंच, एलईडी दिव्यांची लांब पट्टी, ग्रिलवरच्या चिन्हावर चिकटवलेलं चकचकीत दुसरं चिन्ह, धातूचे कण असलेला रंग, नंबर प्लेटची वाकडी पट्टी. यातली प्रत्येक गोष्ट रडारच्या तोंडासमोर हात धरल्यासारखी आहे. धातू लहरी परत फेकतो, गाडीला वाटतं नाकासमोर काहीतरी आहे. रडारचं झाकण दिसायला साधं प्लास्टिक असलं तरी त्याची जाडी लहरींच्या हिशोबाने ठरवलेली असते. त्यावर रंगाचा जाड थर चढला की कोन आणि अंतर दोन्ही चुकू लागतात. बर्फ ढकलण्याचा नांगर लावला असेल तर तो रडार झाकणारच. त्या काळात यंत्रणा बंद ठेवायला बहुतेक मॅन्युअलमध्येच सांगितलेलं असतं, तो दोष नव्हे.

काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला डॅशकॅम आणि टोलचा टॅग कॅमेऱ्याच्या नजरेत येत नाहीत ना, हेही बघा. परीक्षा सोपी आहे: संशयित वस्तू काढा, दोन दिवस चालवा, कागदावर लिहा. पुन्हा लावली की तक्रार परत आली, तर निकाल लागला.

पाचवी: उंची आणि कल

आता मुद्द्याचं. यासाठी मोजायची टेप, सपाट जमीन आणि हवेचा गेज एवढंच लागतं.

आधी चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे करा. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. रिकाम्या गाडीचं एकदा, नेहमीच्या मालासकट एकदा. आठ आकडे झाले.

कारखान्यातून आलेला पिकअप रिकामा असताना नाकावर किंचित झुकलेला असतो, म्हणजे शेपटी उंच. हे मुद्दाम केलेलं असतं: माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. लोकांना ते झुकणं आवडत नाही, म्हणून लेव्हलिंग किट घालून नाक वर करतात. रिकामी गाडी देखणी दिसते. पण माल पडला की आता सपाट होण्याऐवजी ती मागे बसते आणि नाक आभाळाकडे.

आकड्यांत बघा. मोठ्या चार-दारी पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण ३.७ मीटर अंतर असतं. नाक ५ सेंटिमीटर उचललं तर गाडीचा कल सुमारे पाऊण अंश बदलतो. ऐकायला क्षुल्लक, पण १०० मीटर पुढे रडारची मधली रेघ जवळजवळ १.३५ मीटर वर गेली. त्यात माल भरून मागची बाजू आणखी ५ सेंटिमीटर दबली, की ती रेघ १०० मीटरवर २.७ मीटर वर. रडार मुळात गुडघ्याच्या किंवा मांडीच्या उंचीला बसवलेलं, त्यामुळे रेघ आता पुढच्या कारच्या टपावरून चालली आहे. झोताला उभी रुंदी असते म्हणून गाडी पूर्ण आंधळी होत नाही. पुढची गाडी कमकुवत दिसते, उशिरा दिसते, आणि वरची पाटी, पुलाची कमान जरा जास्तच ठळक दिसते. पुलाखाली ब्रेक आणि सिग्नलवर शांतता, ही दोन उलटी लक्षणं एकाच आजाराची.

आमच्या ताफ्यातल्या एका ट्रकचं रडार एका दुकानाने दोनदा बदललं. दुसऱ्यांदा बदलूनही तक्रार तीच. तिसऱ्यांदा मी टेप घेऊन खाली वाकलो. आधीच्या ड्रायव्हरने स्वखर्चाने किट घातलं होतं आणि आम्ही रोज त्यात पेव्हर ब्लॉक भरत होतो. किट काढलं, कॅलिब्रेशन केलं (म्हणजे सेन्सरला ‘सरळ समोर’ कुठे ते पुन्हा शिकवलं), संदेश गेला. दोन रडारचं बिल अजून फायलीत आहे.

सगळ्यांना किट काढायला सांगत नाही. पण काही गोष्टी विनाखर्च होतात. माल मागच्या आक्साच्या पुढे सरकवा. दाराच्या चौकटीवर माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा आणि त्यात स्वतःलाही धरा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडावर यावा असा सर्वमान्य हिशोब आहे. त्याहून जास्त आला की नाक वर गेलंच. जड ट्रेलरला वजन वाटून देणारी हिच लावली तर पुढच्या आक्सावरचा गेलेला भार परत येतो, आणि नाकही खाली येतं. डाव्या-उजव्या आकड्यांत डोळ्यांत भरणारा फरक असेल तर पाटा किंवा स्प्रिंग गेलं आहे, आधी ते.

टायर मूळ मापापेक्षा मोठे असतील तर गाडीला स्वतःचा वेगच चुकीचा कळतो, आणि पुढच्याला गाठायला किती सेकंद उरलेत हा हिशोब त्या वेगावर चालतो. वेगाचा आकडा जीपीएसशी ताडून बघा. स्टीअरिंग सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट करा. चाकं तिरकी चालत असतील तर रडारचं ‘सरळ समोर’ आणि गाडीचं ‘सरळ समोर’ वेगवेगळं होतं, मग शेजारच्या लेनमधली गाडी आपल्याच लेनमध्ये असल्यासारखी वाटते.

सहावी: ट्रेलरचं सॉकेट

नसलेला ट्रेलर दिसतोय? बंपरखालच्या सात पिनांच्या सॉकेटचं झाकण उघडा. हिरवट बुरशीसारखा थर आणि पाणी दिसलं की चोर सापडला. दिव्यांच्या तारांवर भार जाणवला की ट्रेलर आहे, असा गाडीचा साधा तर्क असतो. गंजातून झिरपणारी वीजही तिला तो भार वाटू शकते. गाडी बंद करून पिना विद्युत-संपर्काच्या स्प्रेने आणि बारीक ब्रशने साफ करा, वाळू द्या, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. रस्त्यावर मीठ टाकतात त्या भागात हे दर हिवाळ्याआधी करा. झाकणाची स्प्रिंग तुटली असेल तर नवं झाकण घाला, नाहीतर महिनाभरात पुन्हा तिथेच बसाल. खरोखर ट्रेलर जोडल्यावर ब्लाइंड स्पॉट बंद होणं मात्र अनेक ट्रकमध्ये रचनेतच आहे. ज्यांत ट्रेलरची लांबी मेनूत भरता येते त्यांत ती भरा.

मागचे दिवे बाजारातून आणून बदलले असतील आणि तेव्हापासून ब्लाइंड स्पॉट गेला असेल, तर जुन्या दिव्याबरोबर रडारही काढून ठेवलं आहे का ते शोधा.

सातवी: बॅटरी

एका झटक्यात ऑटो ब्रेक, लेन, पार्किंग, स्टीअरिंग अशा चार-पाच असंबद्ध यंत्रणांनी तोंड वर काढलं तर त्यातल्या कुणालाही दोष देऊ नका. मल्टीमीटर लावा. काही तास उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ हवेत, नव्या गाड्या मधूनच थोडं कमी ठेवतात. स्टार्टर मारताना व्होल्टेज खोल गेलं की हे नाजूक संगणक अर्धवट जागे होतात आणि चूक नोंदवून बसतात. टर्मिनल घट्ट करा, चेसिसला जाणारी अर्थची तार गंजली आहे का बघा. कामाच्या ट्रकवर जास्तीचे दिवे, रेडिओ, इन्व्हर्टर कुणीतरी कुठेतरी जोडलेले असतातच.

आठवी: कोड

स्वस्तातला कोड रीडर फक्त इंजिनाशी बोलतो. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि गाडीतल्या बाकीच्या छोट्या संगणकांशी बोलणारा हवा, तो मागून आणा. यू ०२३५ म्हणजे पुढच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरशी संपर्क तुटला. आधी त्याचा फ्यूज, तार आणि कनेक्टरमधलं पाणी बघा. यू ०१२१ म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला, यू ०४१५ म्हणजे एबीएसकडून आलेली माहिती पटत नाही, यू ०१२६ म्हणजे स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर गप्प आहे. शेवटच्या तिघांत रडार बहुधा निर्दोष असतं. ऑटो ब्रेक बऱ्याच गाड्यांत एबीएसच्या पंपातूनच लागतो, त्यामुळे चाकाजवळचा एखादा वेगाचा सेन्सर चिखलाने माखला तरी वरची सगळी इमारत बंद. एबीएसचा दिवा सोबत पेटला असेल तर रडार विसरा, संशय चाकांवर.

कोड पुसण्याआधी फोटो काढा. पुसून लगेच परत आला तर दोष आत्ता हजर आहे. चार दिवसांनी आला तर कागदाकडे परत.

इथे थांबा

पुढच्या कुठल्याही प्रसंगी हत्यारं खाली ठेवा आणि व्यावसायिकाकडे जा.

एबीएसचा पिवळा किंवा ब्रेकचा लाल दिवा पेटला आहे, किंवा पेडल मऊ लागतंय. लाल दिवा असेल तर गाडी चालवत नव्हे, टो करून न्या. पुढून ठोकर बसली आहे, अगदी पार्किंगमधली का असेना. बंपर वरून सरळ दिसतो आणि मागची रडारची पट्टी वाकलेली असते, शिवाय त्याच भागात एअरबॅगचे सेन्सर असतात. पुढची काच बदलली आहे. सस्पेन्शनला हात लावला आहे. रडारचं झाकण तडकलं आहे. किंवा वरचं सगळं करूनही कोड सेन्सरच्या आतल्या दोषाचाच येतो.

मोकळ्या रस्त्यावर गाडीने स्वतःहून दुसऱ्यांदा ब्रेक मारला, तर मेनूतून ऑटो ब्रेक बंद करा, ती गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तसं सांगा, आणि दुरुस्तीची वेळ घ्या. मागे माणसं येत असतात. पण बंद करून विसरून जाणं हा उपाय नव्हे. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ऑटो ब्रेक असलेल्या पिकअपचं मागून धडकण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी आढळलं. आणि याच संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक पादचाऱ्याला कमी उंचीच्या, उतरत्या नाकाच्या कारपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक जीवघेणी ठरली. आपले ट्रक त्या उंचीचेच.

चालतंय का हे बघायला खोकी रचून त्यांच्यावर गाडी नेणं, किंवा मित्राला समोर उभं करणं, हे करू नका. शांत महामार्गावर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावून पुढची गाडी नेहमीच्या अंतरावर पकडली जाते का, एवढं पुरतं. रडारच्या मागे पत्र्याचे तुकडे घालून स्वतःच कोन ‘बसवणं’ हाही एक प्रकार बघितला आहे, तोही नको.

दुकानात कॅलिब्रेशन दोन तऱ्हेचं होतं: सपाट फरशीवर ठरलेल्या अंतरावर फलक उभे करून, किंवा रेघा स्पष्ट असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवून, काही ट्रकला दोन्ही लागतात. जाण्याआधी हौदा रिकामा करा, हवा भरा, इंधनाच्या टाकीबद्दल विचारून घ्या, काही कंपन्या ती भरलेली मागतात. कामाआधीचा आणि कामानंतरचा स्कॅन कागदावर मागा. गाडी किट घालून उचललेली असेल तर आधीच सांगा, कारण काही कंपन्या उचललेल्या गाडीचं कॅलिब्रेशन मान्यच करत नाहीत आणि हे तुम्हाला बिलानंतर कळायला नको.

घरी आलात की चारही चाकांची उंची पुन्हा मोजा आणि ते आकडे तारखेसकट ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी संदेश आला की आधी टेप काढून त्या आकड्यांशी ताडा.